मालिकेसाठी संवादलेखन: नमुना काय पाठवायचा आणि करारात काय बघायचं?

सई_सांगली
नमस्कार. वय २७, सांगलीत नोकरी करते, स्पर्धेच्या एकांकिका लिहिते. मराठी डेली सोपसाठी संवाद लिहायची इच्छा आहे. एका निर्मिती संस्थेने 'नमुना पाठवा' म्हणून कळवलंय. एकांकिकाच पाठवू का? फॉरमॅट काय लागतो? आणि काम मिळालंच तर सही करण्याआधी काय तपासायचं? 'मेहनत करा, यश मिळेल' सोडून काहीही सांगा.

उपसंवाद
एकांकिका पाठवू नका. ती चांगली असेलही, पण वाचणाऱ्याला वेगळंच काही हवं असतं.

डेली सोपमध्ये कथा, पटकथा आणि संवाद ही बहुधा वेगवेगळ्या माणसांची कामं असतात. कथेचा ट्रॅक (म्हणजे पुढे काय घडणार याची दिशा) चॅनलबरोबर बसून ठरतो, पटकथाकार त्याचे एपिसोड पाडतो आणि संवादलेखकाच्या हातात सीनवार आराखडा येतो. त्यात एवढंच असतं: 'सीन ३, स्वयंपाकघर, सकाळ. मेघनाने दागिने गहाण ठेवलेत हे तिच्या सासूला, सुलभाला कळलंय, पण ती बोलून दाखवत नाही.' यावरून तुम्ही तीन-साडेतीन मिनिटं उभी करायची, आणि तीही बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. नमुन्यात हेच दिसलं पाहिजे.

त्यांच्या चालू मालिकेतली पात्रं उचलू नका. ती माणसं त्या पात्रांबरोबर रोज राहतात, सूर जरा हलला तरी त्यांना खटकतं. स्वतःची चार पात्रं, एक घर आणि तीन सीन घ्या: एक भांडणाचा, एक हलकाफुलका आणि एक असा, की मोठी गोष्ट उघड झालीय पण तोंडाने कुणी काढत नाही. तुमची परीक्षा या तिसऱ्या सीनमध्ये होते.

वरचाच सीन घ्या. शंभरातले नव्वद जण लिहितील, 'आई, तुम्ही मला या घरात कधी आपलं मानलंच नाही!' त्याऐवजी सुलभा पोळपाट पुसता पुसता म्हणते, 'हळद संपलीय. दुकानदार उधार देतो का बघ. तुला सवय झालीय ना आता.' 'उधार' ऐकताच मेघनाचा कणकेतला हात थांबतो. सुलभाला सगळं कळलंय हे प्रेक्षकाला समजलं, नटीला करायला कृती मिळाली आणि एडिटरला मेघनाच्या चेहऱ्यावर कट मारायला नेमकी जागा मिळाली.

फॉरमॅट सोपा आहे. प्रत्येक सीनच्या डोक्यावर क्रमांक, जागा, आत की बाहेर, दिवस की रात्र आणि सीनमधली पात्रं. कृती छोट्या वाक्यात, वर्तमानकाळात. टाइप युनिकोडमध्येच करा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे अगम्य चिन्हांत उघडते आणि लगेच बंद होते. वर्ड आणि पीडीएफ दोन्ही जोडा. स्क्राइट नावाचं सॉफ्टवेअर भारतीय भाषांत पटकथा लिहिण्यासाठीच बनवलेलं आहे, ते वापरून बघा.

'एक पान म्हणजे एक मिनिट' हे गणित इंग्रजीतल्या कुरिअर १२ पॉइंटचं आहे, देवनागरीला लागू पडेलच असं नाही. मोठ्याने वाचून घड्याळ लावा आणि वर रिअॅक्शन व हालचालींचा वेळ धरा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून हातात २०-२२ मिनिटं उरतात.

फ्लोअर_मॅनेजर
वरच्या प्रतिसादाला प्रॉडक्शनच्या बाजूने पुरवणी.

दिवसाला साधारण एक एपिसोड शूट करून काढायचा असतो, शिफ्ट बारा तासांची. त्यामुळे सीन वाचताना आम्ही आधी किंमत मोजतो. 'बाहेर, रात्र' लिहिलंत की वेगळं लायटिंग आलं. हळदीकुंकवाच्या सीनमध्ये बारा बायका बसवल्यात आणि सगळ्यांना एकेक वाक्य दिलंत, तर प्रत्येकीचा क्लोजअप घ्यावा लागतो आणि अर्धा दिवस तिथेच जातो. त्यातल्या तिघींना बोलू द्या, बाकीच्या मागे हसू द्या. जेवणाच्या पंगतीत प्रत्येक टेकला ताट होतं तसं पुन्हा वाढावं लागतं, म्हणून मोठं भांडण ताटावर लिहायचं असेल तर जेवण संपत आलंय असं दाखवा.

लहान मूल असेल तर आणखी जपून. नियमाप्रमाणे बालकलाकाराला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, त्यातही सलग ३ तासांच्या वर नाही, शिवाय जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दर सीनमध्ये मूल लिहिणारा लेखक फ्लोअरवर कुणालाच आवडत नाही.

संवाद पुष्कळदा त्याच सकाळी मेकअप रूममध्ये, फोनवर नटाच्या हातात पडतात. दहा ओळींचं सलग स्वगत तेवढ्या वेळात पाठ होत नाही. मध्ये समोरच्याचा एखादा 'म्हणजे?' टाका, तिथे श्वासही मिळतो आणि कटही.

बोलीभाषेबद्दल: कोल्हापुरी म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'की' लावणं नव्हे, आणि मालवणी म्हणजे नुसतं 'गो' आणि 'रे' नव्हे. क्रियापदाची रूपं आणि मोजके शब्द पक्के ठरवा आणि तेच शेवटपर्यंत पाळा. नट त्या भागातला नसेल तर बोली जितकी दाट तितका तो अडखळतो. सांगलीच्या बाजूची भाषा तुमच्या कानात आहे, नमुन्यातलं एक तरी पात्र तसं बोलू द्या. ही तुमची जमेची बाजू आहे.

कलम_कागद
आता कागदांकडे.

पहिलं, कल्पनेवर कॉपीराइट नसतो. ती ज्या शब्दांत आणि ज्या मांडणीत उतरते तिच्यावर असतो. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हे स्पष्ट केलं. त्यामुळे कॉफी पिता पिता गोष्ट सांगून आलात आणि नंतर तसलीच मालिका दिसली, तर हातात काही नसतं. लिहून काढा, स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्या (कार्यालय मुंबईत, अंधेरीला), तिथे मजकुराची ऑनलाइन नोंदणी करा आणि मगच मेल करा. नोंदणीने मालकी तयार होत नाही, ती लिहिताक्षणीच तयार होते. नोंदणी हा अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता याचा पुरावा. वाद झाला तर सभासदांसाठी संस्थेची तंटा निवारण समितीही आहे.

दुसऱ्याच्या कथेवर नुसते संवाद लिहिणार असाल तर नोंदणीपेक्षा करार महत्त्वाचा. त्यात मी सर्वांत आधी एकच वाक्य शोधतो: पैसे कशावर मिळणार? 'प्रसारित एपिसोडमागे' असं असेल तर लिहिलेला, मंजूर झालेला, पण ट्रॅक बदलल्यामुळे रद्द झालेला एपिसोड फुकट गेला. टीआरपी दर गुरुवारी येतो आणि ट्रॅक शुक्रवारी फिरू शकतो, तेव्हा हे वरचेवर घडतं. 'मंजूर मसुद्यामागे' असं करून घ्या. नाहीच जमलं, तर रद्द एपिसोडचे निदान अर्धे पैसे मागा.

त्यानंतर पुनर्लेखन किती वेळा हे आकड्यात हवं, मानधन किती दिवसांत हे हवं (या धंद्यात ९० दिवस सर्रास चालतात, ते गृहीत धरूनच घर चालवा) आणि श्रेयनामावलीत नाव कसं येणार हेही हवं. 'संवाद' आणि 'संवाद साहाय्य' यांत पुढच्या कामाच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. काम थांबवायची नोटीस दोन्ही बाजूंना सारखीच असावी. 'कुठल्याही दाव्याची भरपाई लेखक करील' हे कलम तर हमखास असतं. त्यात 'लेखकाने स्वतः केलेल्या चोरीपुरती' एवढी भर घालून घ्या, नाहीतर चॅनलने सुचवलेल्या प्रसंगाचा दावाही तुमच्या माथी बसेल.

हक्क तर ते लिहून घेणारच. तरी दोन गोष्टी लक्षात असू द्या. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा हस्तांतरण ५ वर्षांचं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुसरं, २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरची रॉयल्टी लेखकाला निर्मात्याच्या नावे सोडून देताच येत नाही, आणि ही तरतूद मालिकांनाही लागू आहे. करारात 'रॉयल्टीवर पाणी सोडतो' असं छापलेलं असलं तरी ते वाक्य टिकत नाही. प्रत्यक्ष पैसा हातात येणं ही निराळी लढाई, पण म्हणून ते वाक्य तसंच ठेवू नका, खोडायला सांगा.

सई_सांगली
सगळ्यांचे आभार. संस्थेने आता एक आराखडा पाठवून 'ट्रायल म्हणून पूर्ण एपिसोड लिहून द्या' म्हटलंय, पैशांचा उल्लेख नाही. लिहू का? आणि मुंबईला यावंच लागतं का? नोकरी सोडायची भीती वाटते.

उपसंवाद
ट्रायलचे एक-दोन सीन फुकट लिहायला हरकत नाही, ती रीतच आहे. पूर्ण एपिसोड नाही. मेलमध्ये सरळ लिहा: 'सीन २ आणि ५ पाठवते. पूर्ण एपिसोड हवा असल्यास मानधन कळवावं. हे सीन करार होईपर्यंत वापरू नयेत.' चांगली संस्था याने बिथरत नाही, आणि जी बिथरते तिच्याकडून पुढे पैसेही वेळेवर आले नसते. बोलणं फोनवर झालं तरी लगेच मेल टाका, 'आता ठरलं त्याप्रमाणे' अशी सुरुवात करून.

मुंबई: संवाद घरून लिहून जातात, मीटिंगही बऱ्याच ऑनलाइन होतात. कथा-पटकथेकडे वळलात की चॅनलच्या बैठकांना यावं लागेल. तूर्त सांगलीच बरी, भाडं वाचतं.

जमाखर्च
नोकरी लगेच सोडू नका. आठवड्याला सहा एपिसोड एकटीने नोकरी सांभाळून निघत नाहीत हे खरं, पण दोन संवादलेखक वाटून घेतात अशा मालिका असतात, तशी जागा मागा. ९० दिवसांची उधारी आणि मालिका अचानक बंद पडण्याचा धोका धरून सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला की मग राजीनाम्याचं बघा. नोकरीच्या करारात बाहेरचं काम करायला मनाई आहे का, तेही आधी वाचा.

मानधनातून १० टक्के टीडीएस कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का हे २६एएसमध्ये (आयकर खात्याचं कापलेल्या कराचं विवरण) दर तिमाहीला बघा, कापून न भरणारेही भेटतात. पटकथा-संवादलेखक अनुमानित कराच्या योजनेत बसतात, म्हणजे जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न दाखवून हिशेबाच्या वह्यांतून सुटका होते. जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या पुढे. बिल मात्र पहिल्या एपिसोडपासून क्रमांक, तारीख आणि एपिसोड नंबर घालून पाठवा. बिलच आलं नाही या सबबीवर पैसे अडतात, आणि ते ९० दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायला सुरुवात होते.