मदत हवी आहे: एमपीएचचं सगळं शिक्षण केसवर, आणि मी वर्गात गप्प

निळीशाई:

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं वॉर्डात परिचारिका म्हणून काम केलं आणि यंदा सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षणाला (एमपीएच) प्रवेश घेतला. आमच्याकडे लेक्चर जवळजवळ नसतातच. आदल्या दिवशी पंधरा-वीस पानांची केस, म्हणजे एका प्रसंगाची सविस्तर हकिकत, हातात येते. ती वाचून जायचं, आठ जणांच्या गटात चर्चा करायची, मग पूर्ण वर्ग एकत्र बसतो. शिक्षक प्रश्न विचारत राहतात, उत्तर सांगत नाहीत.

पहिलं सत्र संपत आलंय आणि मी अडकलेय. कुठे ते नीट सांगते.

मागच्या आठवड्यात ओस्वेगोची केस होती. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ओस्वेगो परगण्यात 18 एप्रिल 1940 ला चर्चमध्ये रात्रीचं जेवण झालं आणि त्यानंतर लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. तपासणाऱ्यांनी 75 जणांना विचारलं, त्यातले 46 आजारी निघाले. कोणी काय काय खाल्लं त्याची यादी दिलेली असते, त्यातून दोषी पदार्थ शोधायचा. मी रात्री बसून आजारी 46 जणांच्या नावापुढे खुणा केल्या. भाजलेलं हॅम (डुकराचं मांस) 29 जणांनी खाल्लेलं, पालक 26 जणांनी. म्हणजे निम्म्याहून जास्त! मी वर्गात हात वर करून हॅम म्हणाले. समोरच्या डॉक्टर मुलाने विचारलं, "आणि जे आजारी पडले नाहीत, त्यांच्यातल्या किती जणांनी हॅम खाल्लं?" मी ते मोजलंच नव्हतं. त्यानंतर तासभर तोंड उघडलं नाही.

आता प्रश्न. केस वाचताना सुरुवात कुठून करायची? आधी बायोस्टॅट, म्हणजे आरोग्याचं संख्याशास्त्र, पक्कं करून मग केस घ्याव्यात का? डॉक्टर मंडळींसमोर बोलायचं कसं? आणि वर्ग संपला तरी उत्तर मिळत नाही, तेव्हा आपण काही शिकलो की नाही हे ओळखायचं कसं? मला हे शिक्षण मनापासून हवंय. वॉर्डात एकच आजार घेऊन माणसं पुन्हा पुन्हा येताना पाहिली, म्हणून तर आले इथे.

पाणवठा:

ताई, तुमची चूक अगदी समजण्यासारखी आहे आणि ती लवकर झाली हे बरंच झालं. मी साथरोगशास्त्र शिकवतो. रुग्णालयातून आलेले जवळजवळ सगळेच आधी आजारी माणसं मोजतात. वॉर्डात न आजारी पडलेला माणूस येतच नाही, मग तो डोळ्यांसमोर येणार कसा? या विषयात निम्मं उत्तर त्याच्याकडेच असतं.

म्हणून केस हातात आली की आकडे बघायच्या आधी कोऱ्या कागदावर चार घरं आखा. खाल्लं आणि आजारी, खाल्लं आणि बरे, नाही खाल्लं आणि आजारी, नाही खाल्लं आणि बरे. मग भरायला घ्या. तुमचं हॅम घेऊ: एकूण 75 पैकी 46 जणांनी खाल्लं, 29 आजारी, म्हणजे 63 टक्के. 29 जणांनी खाल्लं नाही, त्यातलेही 17 आजारी, 59 टक्के. खाल्लं काय, नाही खाल्लं काय, जवळपास सारखंच. आता व्हॅनिला आइस्क्रीम घ्या: 54 जणांनी खाल्लं, 43 आजारी. 21 जणांनी खाल्लं नाही, फक्त 3 आजारी. टक्केवारी तुम्हीच काढा, मी सांगणार नाही.

दुसरी सवय म्हणजे केस एका दमात वाचू नका. पहिलं पान वाचा, बाकीची झाकून ठेवा आणि "आता मला काय विचारायला हवं?" हे लिहून काढा. मगच पान उलटा. या केस अशाच टप्प्याटप्प्याने वाचण्यासाठी लिहिलेल्या असतात.

उत्तर मिळत नाही म्हणता, तर जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरचं उदाहरण देतो. 1854 साली लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा आला, स्नोने तिथल्या सार्वजनिक पाण्याच्या पंपाला दोषी ठरवलं आणि 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. बहुतेक जण इथे थांबतात. वर्गात खरा वेळ जावा तो अपवादांवर. जवळच्या मद्यनिर्मिती कारखान्यातले कामगार का वाचले? कारखान्याची स्वतःची विहीर होती आणि ते बिअर प्यायचे. शेजारच्या वर्कहाउसमधल्या (गरिबांना ठेवायची जागा) 535 जणांत फक्त 5 मृत्यू का? तिथेही स्वतःची विहीर. आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा का गेली? तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती रोज गाडीने ते मागवायची. आता त्यावरचा प्रश्न: दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरत होती, लोक घरं सोडून गेले होते, हे स्नोने स्वतःच लिहून ठेवलंय. मग दांडा काढून काय साधलं? यावर वर्गात दोन बाजू पडतात आणि दोन्ही बाजूंना पुरावा मांडावा लागतो. आपण कोणत्या बाजूला आणि का, हे घरी येऊन पाच ओळींत लिहिता आलं, की त्या दिवसाचं शिकणं झालं समजा.

रात्रपाळी:

मीही नर्सच होते, याच पद्धतीने शिकून आता साथसर्वेक्षणात काम करते. डॉक्टरांसमोर बोलण्याबद्दल सांगते. निळीशाई, ओस्वेगोच्या केसमध्ये आइस्क्रीम कसं तयार झालं तो भाग पुन्हा वाचा. आदल्या दुपारी दूध उकळून त्यात साखर, अंडी आणि थोडं पीठ घातलं. संध्याकाळी सहाला मिश्रण झाकून चर्चच्या तळघरात नेऊन ठेवलं आणि रात्रभर तसंच राहू दिलं. सकाळी व्हॅनिला आणि कंडेन्स्ड मिल्क घातलं. हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मला हात दिसले, नाक दिसलं, उबदार मिश्रण दिसलं. त्वचेवर-नाकात राहणारा स्टॅफिलोकोकस हा जिवाणू, त्याचं विष बनायला मिळालेली रात्र, आणि खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या. आमच्या गटातली बाकीची मंडळी आकडेमोडीत होती, मी हे बोलले आणि सगळे माझ्याकडे वळले. तक्ता कोणता पदार्थ ते सांगतो, तो बिघडला कसा हे ओळखायला आपली नऊ वर्षं कामी येतात. पुढच्या तासाला निदान एक असा प्रश्न ठरवून जा.

तक्तेवाला:

बायोस्टॅट आधी पूर्ण करून मग केस, असं करू नका. मी ते केलं आणि दोन महिने वाया घालवले. केसमध्ये जे लागेल ते त्याच आठवड्यात शिका. सीडीसीचा (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) साथरोगशास्त्राचा स्वयंअध्ययन अभ्यासक्रम मोफत मिळतो, त्यातला साथ तपासणीचा धडा आधी करा. मात्र आरोग्य धोरण आणि व्यवस्थापन केसच्या भरवशावर सोडू नका, त्याचं वाचन वेगळंच लागतं.

निळीशाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री चार घरं आखून प्रत्येक पदार्थ पुन्हा मोजला. व्हॅनिला खाल्लेल्यांत 79.6 टक्के आजारी, न खाल्लेल्यांत 14.3. जवळजवळ साडेपाच पट! हे मी वर्गात बसून सुचवू शकले असते.

पण एक शंका राहिली. चॉकलेट आइस्क्रीम खाल्लेल्या 47 जणांत 25 आजारी, म्हणजे 53 टक्के. न खाल्लेल्या 27 जणांत 20 आजारी, 74 टक्के. एकाचं नक्की कळलेलं नाही. म्हणजे चॉकलेटने लोकांना वाचवलं का?

पाणवठा:

छान पकडलंत. आता एकच काम करा: चॉकलेट न खाल्लेल्यांपैकी किती जणांनी व्हॅनिला खाल्लं ते यादीतून मोजा. चॉकलेट आणि व्हॅनिलाचा एकत्र तक्ता बनवा आणि तो घेऊनच वर्गात जा.

निळीशाई:

बसतेय आत्ताच. शुक्रवारी पुढची केस आहे, पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची. त्यात आधी ज्या घरांत शिसं सापडलं नाही ती घरं शोधणार आहे. काय निघतं ते इथेच लिहीन.