आयटीआयची फी, स्कॉलरशिप आणि ते 40 रुपये: तुमचे अनुभव लिहा

जुनाफिटर: भाच्याचा इलेक्ट्रिशियनला नंबर लागला. महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीच्या वेबसाइटचा) फॉर्म भरायला बसलो आणि माझे दिवस आठवले. सरकारी आयटीआयची फी किरकोळच, पण डांगरी, सेफ्टी शूज, व्हर्नियर, ड्रॉइंगचं सामान आणि एसटीचा पास यांतच बाबांचा पगार संपायचा. विद्यावेतन महिन्याला 40 रुपये! वर्षाचे एकदम मिळाले, रजिस्टरवर सही ठोकली, तेवढ्यात बूटही आले नाहीत. 2023 ला 500 केले म्हणे. तुमचं काय?

सोलापुरी_चादर: 40 रुपये 😂 आमचे त्याच दिवशी वडापावात.

मायलेक: लेक खाजगी आयटीआयला, कोपा म्हणजे कॉम्प्युटरचा ट्रेड. "आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की बघू." कानातल्या कुड्या गहाण टाकल्या. पैसे आले ते वर्षाच्या परीक्षेनंतर. कुकर झालाय, नंतर लिहिते.

विदर्भवाला: आमचे तर आलेच नाही म्हणून सहा महिने बोंबललो. आधार शेवटचं लिंक झालं होतं ते गॅसच्या सबसिडीवाल्या जुन्या खात्याला, पैसे तिथं निवांत पडलेले. भाऊ, बँकेत जाऊन आधी ते पाहून घ्या.

सेतूवाली: आणि उत्पन्नाचा दाखला जूनच्या आधीच काढा हो. निकाल लागला की आमच्याकडे रांग दारापर्यंत, त्यात सर्व्हर बंद. आणि शिव्या मला.

जुनाफिटर: ताई, मर्यादा किती? भाचा ओपनमध्ये आहे.

सेतूवाली: ओपनच्या फी-सवलतीला कुटुंबाचं 8 लाखांपर्यंत. एससीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला अडीच लाख. अडीच लाखांत आजकाल घर चालतं का, ते विचारू नका.

बीडचा_वेल्डर: मी समाजकल्याणच्या वसतिगृहात होतो, राहणं-जेवण फुकट. ते नसतं तर ऊस तोडायला गेलो असतो, सरळ हिशोब. डाळ मात्र पाणीच. आता स्वतःचं शॉप आहे.

मायलेक: आले परत. कुड्या सोडवल्या, लेकीच्या पहिल्या पगारात 🙂

सोलापुरी_चादर: वा काकू! पार्टी?

विदर्भवाला: वेल्डरभाऊ, लोखंडी गेट काय भावानं करता? किलोवर की फुटावर?

बीडचा_वेल्डर: किलोवर. माप आणि फोटो टाका, पण नागपूरला यायचं भाडं वेगळं हां.