चर्चा: खासदाराला मत समितीतल्या कामावर द्यायचं, की आणलेल्या गाड्यांवर?

जुना_रामबागकर

रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाताना आम्हा चौघांत जुंपली. विषय निघाला इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाचा. 309 किलोमीटरच्या या मार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, तेव्हापासून इथल्या मराठी घरांत नाशिकच्या गप्पांना ऊत आलाय. एक मित्र म्हणाला, "खासदाराचं काम हेच. गाडी आणा, पूल आणा. बाकी दिल्लीत जाऊन बाकंच वाजवायची असतात."

मला हे पटत नाही. त्याच मार्गात ज्यांची जमीन जाईल त्यांना मोबदला कोणत्या हिशेबाने मिळणार, हे बाकं वाजवून ठरलेलं नाही. 1894 चा इंग्रजी अमलातला भूसंपादन कायदा बदलायचं विधेयक सप्टेंबर 2011 मध्ये लोकसभेत आलं आणि ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीकडे गेलं. समितीच्या अध्यक्ष होत्या आपल्या इंदूरच्या खासदार सुमित्राताई महाजन. म्हणजे सरकार काँग्रेसचं आणि विधेयकाची चिरफाड करणाऱ्या समितीच्या प्रमुख भाजपच्या. मे 2012 मध्ये अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की खासगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन घेऊच नये, आणि रेल्वे, महामार्ग वगैरेंचे जे कायदे या विधेयकाने बाहेर ठेवलेत ते आत घ्या.

पहिली शिफारस मानली गेली नाही. दुसरी अर्धी मानली. 13 कायदे चौथ्या परिशिष्टात बाहेरच राहिले, पण मोबदल्याचे नियम त्यांनाही वर्षभरात लागू करायचे, अशी सक्ती 2013 च्या नव्या कायद्याच्या कलम 105 मध्ये आली. पुढे ऑगस्ट 2015 च्या आदेशाने ते झालं. रेल्वेसाठी जमीन देणाऱ्याला आज 2013 च्या कायद्याच्या हिशेबाने पैसे मिळतात ते यामुळे. ताई आठ वेळा निवडून आल्या, पण या अहवालासाठी त्यांना मत दिलं असं म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

सराफा_रात्रपाळी

काका, सगळं छान, पण मधलं एक वाक्य तुम्ही घाईत उरकलंत. "पहिली शिफारस मानली गेली नाही." समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. केराची टोपली हाताशीच असते.

आता मोबदल्याचं ऐका. माझ्या मावशीच्या सासरची चार बिघे जमीन धारकडे रस्त्यात गेली. 2013 चा कायदा म्हणतो, ग्रामीण भागात बाजारभावाला 1 ते 2 मधल्या गुणकाने गुणा आणि वर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून द्या. म्हणजे जास्तीत जास्त चौपट. पण गुणक ठरवणार राज्य सरकार. मध्य प्रदेशाने 2014 मध्ये ठरवला 1. झाली दुप्पट. आणि बाजारभाव म्हणजे काय, तर सरकारने ठरवलेला गाइडलाइनचा दर, ज्या दरात त्या गावात कुणी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा विकणार नाही. मावशीच्या निवाड्याच्या कागदावर "1.00" या आकड्याभोवती तिने पेन्सिलीने गोल काढून ठेवलाय. इतक्या वेळा की कागद तिथे झिजलाय. संबंधित कार्यालयात ती तीनदा जाऊन आली, तिन्ही वेळा साहेब दौऱ्यावर. तिला सांगा समितीचं महत्त्व.

खंडपीठातला_काळा_कोट

सराफावाले, तुमच्या मावशीचं दुःख खरं आहे, पण गुणकाचा दोष समितीच्या माथी मारू नका. तो निर्णय भोपाळचा.

समितीत काय होतं ते थोडं सांगतो. विभागवार स्थायी समित्या 1993 पासून आहेत, आज 24. प्रत्येकीत 31 जण, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड, कॅमेरा नाही. आणि मुख्य म्हणजे तिथे पक्षाचा व्हिप, म्हणजे पक्ष सांगेल तसंच मत देण्याचा आदेश, चालत नाही. सभागृहात जो खासदार पक्षाच्या ओळीबाहेर पाऊल टाकत नाही, तोच समितीत सचिवांना धारेवर धरतो. कॅमेरा नसला की माणसं शहाणी होतात, हा माझा कोर्टातलाही अनुभव.

ताजं उदाहरण घ्या. नवीन आयकर विधेयक फेब्रुवारी 2025 मध्ये आलं आणि बैजयंत पांडा यांच्या प्रवर समितीकडे, म्हणजे त्या एकाच विधेयकासाठी नेमलेल्या समितीकडे, गेलं. मूळ मसुद्यात असं होतं की विवरणपत्र मुदतीनंतर भरलं तर परतावा मागताच येणार नाही. आजारपणात महिनाभर उशीर झाला, तर कापून गेलेला टीडीएस गेलाच समजायचा! समितीने ती अट काढायला सांगितली आणि ती निघाली. एकूण 285 शिफारशी होत्या. सरकारने जुनं विधेयक मागे घेऊन नवं आणलं.

छप्पनची_छकुली

आणि ते नवं विधेयक 11 ऑगस्ट 2025 ला मांडलं आणि त्याच दिवशी लोकसभेत मंजूर झालं, हे नाही सांगितलंत वकीलसाहेब. अख्खा आयकर कायदा, एका दिवसात! मग सभागृह कशाला हवं?

दुसरं, कोणतं विधेयक समितीकडे जाणार हे सरकारच्या मर्जीवर. 15 व्या लोकसभेत (2009-14) 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, 17 व्या लोकसभेत (2019-24) 16 टक्के. 2020 चे तिन्ही शेतीकायदे समितीकडे गेलेच नाहीत. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले आणि नोव्हेंबर 2021 मध्ये कायदे मागे घेतले, तेही चर्चेविना. ज्या कामाची संधीच मिळत नाही त्यावर खासदाराला गुण कसे देणार?

जुना_रामबागकर

छकुलीताई, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय आणि भांडताय माझ्याशीच! शेतीकायदे समितीत गेले असते तर पंजाबचा राग आधी कागदावर उमटला असता, रस्त्यावर नंतर.

छप्पनची_छकुली

उमटला असता आणि कागदावरच राहिला असता. मी समितीच्या विरोधात नाही हो. पण "ताईंनी बघा किती काम केलं" असं आपण इंदूरवाले अभिमानाने म्हणतो, तेव्हा त्याच कायद्याचं पुढे काय झालं तेही बघा. कायदा 1 जानेवारी 2014 ला लागू झाला आणि त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला अध्यादेश काढून जमीन जाणाऱ्यांच्या संमतीची अट पाच प्रकारच्या प्रकल्पांसाठी उडवली. तोच अध्यादेश एप्रिल आणि मे 2015 मध्ये पुन्हा काढला. तेव्हा ताई कुठे होत्या? लोकसभेच्या अध्यक्षपदावर.

खंडपीठातला_काळा_कोट

अध्यक्षाने पक्षाच्या बाजूने वा विरोधात बोलायचं नसतं, त्यामुळे तो टोला फुकट गेला. आणि गोष्ट अर्धी सांगितलीत. ती दुरुस्ती दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेली, अहलुवालिया अध्यक्ष होते. मुदतवाढीवर मुदतवाढ. 31 ऑगस्ट 2015 ला अध्यादेश संपला, 2019 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही बुडालं. संमतीची अट आजही जिवंत आहे: खासगी कंपनीसाठी 80 टक्के, सरकारी-खासगी भागीदारीतल्या प्रकल्पासाठी 70 टक्के. समितीने विधेयक बासनात बांधलं, त्यातच शेतकऱ्याचं भलं झालं.

मल्हारी_मार्तंड

भिया, म्हणजे समितीने काम केलं तरी फायदा, नाही केलं तरी फायदा? असली नोकरी मलाही लावून द्या. भत्ता नको, सराफ्यातली भुट्टे का कीस चालेल.

सूतिकागृहातली_सिस्टर

हसण्यावारी नेऊ नका. मी 20 वर्षं प्रसूतिविभागात आहे. सरोगसीच्या 2019 च्या विधेयकात होतं की सरोगेट आई "जवळची नातेवाईक"च हवी आणि लग्नाला पाच वर्षं झाल्याशिवाय अर्जच नको. जवळची नातेवाईक म्हणजे कोण, तर घरातली सगळ्यात धाकटी, जिला नाही म्हणता येत नाही, ती वहिनी. राज्यसभेच्या प्रवर समितीने हे दोन्ही काढायला लावलं. 2021 च्या कायद्यात "इच्छुक स्त्री" असा शब्द आहे. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना समिती माहीत नसते, पण त्या एका शब्दाने कुणाची तरी वहिनी सुटली असेल.

कायद्यातल्या बाकी अटींवर माझी तक्रार आहेच, विशेषतः एकट्या बाईला दिलेल्या वागणुकीबद्दल. तो वेगळा धागा.

सराफा_रात्रपाळी

सिस्टर, हे पटलं. काका, तुमचं अजून नाही. मतदानाच्या दिवशी माझ्या हातात असतो तो पूल आणि गाडी. कुठल्या बैठकीला आमचा माणूस हजर होता, काय बोलला, हे मी कुठे शोधू?

जुना_रामबागकर

अहवालाच्या शेवटी बैठकांचं इतिवृत्त असतं, हजर सदस्यांच्या नावांसकट. संसदेच्या संकेतस्थळावर मिळतं. कोण काय बोललं ते मात्र सहसा नसतं, भिन्नमतपत्र जोडलं असेल तरच कळतं. तेवढं तुमचं बरोबर. आणि गुणकाबद्दलही, मी तो विसरलोच होतो.

खंडपीठातला_काळा_कोट

सराफावाले, गुणकाला हात लावता येणार नाही, पण बाजारभावाच्या दरावर कलम 64 खाली प्राधिकरणाकडे दाद मागता येते. निवाड्याच्या वेळी मावशी हजर असतील तर मुदत सहा आठवडे, नसतील तर हिशेब वेगळा. कागदावर तारीख काय आहे?

सराफा_रात्रपाळी

कागद मावशीच्या ट्रंकेत आहे. शनिवारी धारला जातोय, बघून इथेच लिहितो.