गावकीच्या बैठकीत पॅरालीगलने नेमकं काय करायचं?

घणसोली_गावठाण
जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरच्या विधी स्वयंसेवकाला (पॅरालीगलला) गावकीने बोलावलं तर जावं का? पुढ्यात तीन विषय आहेत: साडेबारा टक्क्यांच्या (सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या) भूखंडात बहिणीचा हिस्सा, एका सुनेची मारहाणीची तक्रार, आणि जत्रेची वर्गणी न दिलेल्या घराला दंड. पंचांचं म्हणणं, "निवाडा आम्ही करू, तुम्ही फक्त सही करा."

विधीमित्र_ठाणे
जा, पण पंचांच्या रांगेत बसू नका आणि निवाड्यावर सही करू नका. तुमची सही दिसली की सरकारी माणसाने मान्य केलं असं गावभर होतं.

खरं काम बैठकीच्या आधीचं. सुनेला सासरच्या माणसांशिवाय भेटा. तिला काय हवंय, काय अजिबात चालणार नाही आणि आज रात्री त्या घरात राहणं धोक्याचं आहे का, हे विचारा. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर बैठक बाजूला ठेवा, आधी संरक्षण अधिकारी (घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) किंवा पोलीस. महिलांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो, विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करून सुरुवात होते. बैठकीत तिच्या बाजूला तिने निवडलेली एक बाई बसेल, एवढी अट आधीच घाला.

तडजोड झाली तर कागदावर रक्कम, हप्त्याची तारीख, मुलं कोणाकडे, दागिने आणि रेशनकार्ड कोणाकडे हे लिहा. "पुढे कोर्टात जाणार नाही" असं वाक्य पंचांना फार आवडतं. ते कायद्याने टिकत नाही, पण बाईला वाटतं की आपले हात बांधले गेले. ते खोडायला लावा. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा तर मुळीच नको.

सातबारा_वाचक
बहिणीचं वेगळं सांगतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासून, 2005 च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालाने पक्का झालाय. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी. बैठकीत तिने "मला काही नको" म्हटलं म्हणून हिस्सा जात नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. पंचांच्या सह्यांचा स्टॅम्पपेपर म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे, आणि गडबड नेमकी इथेच होते. सातबारावर नाव कमी करायचा फेरफार निघाला तर नोटिशीच्या मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मग नोंद तक्रारीत (वादग्रस्त नोंदींत) जाते, मंडळ अधिकारी सुनावणी घेतात.

दोघं राजी असतील तर गावकीत लिहून थांबू नका. प्राधिकरणाकडे दाखलपूर्व (दावा कोर्टात घालण्याआधीचा) अर्ज करून लोकअदालतीत ठेवा. त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं, अपील नसतं.

घणसोली_गावठाण
आणि वर्गणीचा दंड? "दंड भरेपर्यंत त्यांच्या घरच्या लग्नाला कोणी जायचं नाही" असं ठरतंय.

विधीमित्र_ठाणे
मग ते वाळीत टाकणंच झालं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा महाराष्ट्राचा कायदा 3 जुलै 2017 पासून लागू आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे. बहिष्कार ठरवायला बैठक भरवणं हाही गुन्हाच. हे पंचांना बैठकीआधी शांतपणे सांगा. बरेच जण तिथेच मागे येतात. नाही आले तर पुरावा गोळा करा: ग्रुपवरचे मेसेज, फलकाचा फोटो, गिरणीवाला किंवा दुकानदार नाही म्हणाला तेव्हा हजर असलेले दोघे. पोलीस ठाण्यात घेईनात तर तीच तक्रार परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे.

शहापूरचा_कार्यकर्ता
आमच्याकडच्या कातकरी, वारली पाड्यांचं गणित थोडं निराळं. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा लागू नाही, त्यामुळे पंचांसमोरची सोडचिठ्ठी रूढी असेल तर चालते. पण रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. म्हणून कागदावर पंचांची नावं, गाव, तारीख, देज (मुलीसाठी नवऱ्याकडच्यांनी दिलेली रक्कम) परत केलं की नाही, हे सगळं हवं. नुसतं "काडीमोड झाला" लिहिलेला चिठोरा पुढे कामाला येत नाही. पोटगी आणि घरगुती हिंसाचाराचा कायदा त्यांनाही लागू आहे, हे पंचांनी ऐकलेलंच नसतं.

एका गोष्टीत मात्र बैठकच नको. मुलगी 18 च्या आतली आणि लैंगिक अत्याचार, तर "लग्न लावून देऊ, मिटवून टाकू" हा मार्ग नाही. पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) माहिती असून न कळवणं हाच गुन्हा, 6 महिन्यांपर्यंत कैद. पंचांवर आणि तिथे गप्प बसलेल्या स्वयंसेवकावरही.

सातबारा_वाचक
सुनेच्या बाबतीत एक राहिलं. छळाचा गुन्हा नोंद झाला असेल तर पंचांनी मिटवल्याने तो मिटत नाही. रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं, नाहीतर पती पुढच्या तारखेला मोकळ्या मनाने गैरहजर राहतो आणि वॉरंट निघतं.