नॅव्हलीनंतरही सीपीई उरतेच

'नॅव्हली (अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय परवान्याची परीक्षा) पास झालं की अमेरिकेचं दार उघडलं' असं आपल्याकडचे पशुवैद्यक म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. ईसीएफव्हीजीच्या, म्हणजे परदेशी पशुवैद्यकांची पदवी तिथे मान्य करून घेण्याच्या वाटेने गेलात, तर सीपीई ही तीन दिवसांची प्रात्यक्षिक परीक्षाही द्यावी लागते: भूल, शस्त्रक्रिया, घोडे, गुरं, शवविच्छेदन, क्ष-किरण, लहान प्राण्यांचे आजार. गुरांच्या भागात आपली मुलं कुठेच कमी पडत नाहीत. गावच्या दवाखान्यात कृत्रिम रेतन आणि गाभण तपासणी करून हात बसलेला असतो. अडतं ते शस्त्रक्रियेच्या भागात, कुत्रीच्या नसबंदीत.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीने भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी केंद्रात भरपूर काम केलं होतं, हात सफाईदार चालायचा. पण तिथली सवय पोटाच्या बाजूने छोटा छेद आणि इंजेक्शनची भूल अशी. परीक्षेच्या तयारीला बसली तेव्हा पोटाच्या मध्यरेषेवरचा छेद, श्वासनलिकेत नळी घालणं, भुलीच्या यंत्राची गळती तपासणं, दर पाच मिनिटांनी नाडी-श्वासाची नोंद ठेवणं, सगळं नव्याने शिकावं लागलं. म्हणून फी भरण्याआधी गॅसची भूल देणाऱ्या एखाद्या चांगल्या खासगी दवाखान्यात काही महिने काम कराच. घोड्यांसाठी मुंबई-पुण्यात रेसकोर्स आहेत, तिथल्या डॉक्टरांना भेटा.