पाळकावर (पास्टरवर) ओझं कोण टाकतं: मंडळी (चर्चचे सभासद) की तो स्वतः?

साधा सभासद
रविवारचा संदेश, आजाऱ्यांच्या भेटी, लग्नं, दफनविधी, नवराबायकोची भांडणं, गळकं छप्पर, आणि हल्ली उपासनेचं थेट प्रक्षेपणसुद्धा. सगळं एकाच माणसाने करायचं आणि रात्री-अपरात्री फोनही उचलायचा. मग पाळक सेवा सोडतात याचं नवल कसलं? बार्ना या संस्थेने मार्च 2022 मध्ये अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट पाळकांना विचारलं, तेव्हा 42 टक्के जणांनी आदल्या वर्षभरात पूर्णवेळ सेवा सोडायचा विचार केल्याचं सांगितलं. ताणाखालोखाल कारण होतं एकटेपणाचं. माझ्या मते दोष मंडळीचा. हे काम तुला एकट्याला झेपणार नाही, असं लोकांचे निवाडे एकटाच करणाऱ्या मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, बायबलमध्ये निर्गम 18 मध्येच बजावलंय. आपण पगार एकाचा देतो आणि काम दहाजणांचं मागतो.

वडीलमंडळातला
मी वडीलमंडळातला, म्हणजे पाळकाबरोबर मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांतला, म्हणून सांगतो: इथ्रो अर्धाच वाचलात. तो लोकांवर रागावला नाही. मोशेलाच म्हणाला, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेम. वाटून द्यायचं काम ज्याच्या हातात आहे त्याचंच. मी पाहिलेले बरेच पाळक ओझ्याची तक्रार करतात, पण चेकबुक, किल्ल्या आणि व्यासपीठ, तिन्हींतलं एकही सोडत नाहीत. तरुणांना एखाद्या रविवारी संदेश द्यायला सांगा म्हटलं, तर "अजून तयारी नाही". तयारी व्हायची कधी?

साधा सभासद
आणि सोडलं तर काय होतं तेही सांगा की! आजाऱ्याकडे वडीलमंडळातले वडील जाऊन प्रार्थना करून येतात, तरी घरचे म्हणणार, "पाळकसाहेब काही आले नाहीत." ती भेट भेटीत धरतच नाहीत. येरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत विधवांच्या रोजच्या अन्नवाटपावरून कुरकुर झाली तेव्हा (बायबल, कृत्ये 6) लोकांनीच सात जण निवडले आणि मग त्यांचं काम मानलंही. वर आता फोनवर जगभरचे वक्ते आहेत. सोमवारी मेसेज येतो, अमुक पास्टरांनी हाच उतारा किती छान सांगितला!

तंबूवाला
मी नोकरी करून मंडळी सांभाळतो. प्रेषित पौल करिंथ शहरात अक्विल्ला-प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबूच शिवत होता ना? सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर उपजीविका करावी, हेही त्याचंच (1 करिंथ 9:14), मान्य. पण जिथे मंडळी पाळकाला नेमते आणि काढतेही, तिथे ज्यांची कानउघाडणी करायची त्यांच्याच हातात त्याची चूल असते. मोठ्या देणगीदाराला कोण बोलणार? जिथे बिशप बदल्या करतात तिथे ही भीती कमी, पण माणसं ओळखीची होईपर्यंत बदलीचं पत्र येतं.

वडीलमंडळातला
पगाराचं ठीक. मला जाब देण्याची जास्त काळजी आहे. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या चर्चसंघाबद्दलचा मे 2022 चा चौकशी अहवाल आठवा. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी घेऊन आलेल्यांना वरच्या कार्यकारी समितीतल्या काही जणांनी जवळपास दोन दशकं टोलवलं, वर शत्रुत्वही दाखवलं. थकलेल्या पाळकाला सुट्टी देता येते. ज्याला कुणी विचारू शकत नाही त्याचं काय करायचं?

साधा सभासद
म्हणून उठसूट आरोप करायचे? दोन-तीन साक्षीदारांवाचून मंडळीच्या वडिलांवरचा आरोप ऐकूच नको, असं पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, सांगतो (1 तीमथ्य 5:19).

वडीलमंडळातला
विसावं वचनही वाचा. पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष दे. एकोणिसावं सगळ्यांना पाठ, पुढचं कुणालाच नाही.

कॉयरवाली
वचनांची लढाई चालू द्या. पण एवढ्या चर्चेत पाळकीणबाईंचं नाव कुणी घेतलं का? शब्बाथशाळा (मुलांचा बायबलचा वर्ग), महिला संघ, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं चहापाणी, शिवाय पाळकसाहेब घरी नसताना दारात रडत आलेल्या बाईला बसवून ऐकणं. नेमणूक एकाची, राबतात दोघं, आणि तिला ना पद ना मानधन. मुलांनी जरा मोठ्याने हसलं तरी "पाळकांची मुलं ना ही?" ओझं कोण टाकतं विचारताय, आधी कुणाकुणावर टाकलंय ते तरी मोजा. आणि वडीलमंडळातले दादा, तुमच्या मंडळात बायका किती?

वडीलमंडळातला
एकही नाही. पण तो विषय वेगळा आहे.

कॉयरवाली
वेगळा कसा ते सांगा. वाट बघते.