पिवळाधमक गूळ आणि आपण

ताई, साखर सोडून गूळ घेतला की उसाच्या राजकारणातून सुटका होते, असं तुम्ही लिहिलंय. मी बेळगावचा, ऊसपट्ट्यातलाच. मला ते इतकं सरळ वाटत नाही.

कारखान्याला ऊस दिला तर निदान कायदा पाठीशी असतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत बिल, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ते मिळवायला आमच्याकडे दरवर्षी रस्त्यावर उतरावं लागतं, हा भाग वेगळा. पण गुऱ्हाळाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, लागू नाही. ढेप सौद्यात ज्या भावाने जाईल, तो भाव.

आणि तो भाव रंगावर ठरतो. गिऱ्हाईक पिवळाधमक गूळ मागतं, म्हणून काहिलीत हायड्रोस पावडर, म्हणजे रंग उजळवणारं रसायन, पडते. रानभेंडीच्या चिकानं मळी काढलेला गूळ गडद, तांबूस दिसतो. त्याला मेहनत जास्त आणि व्यापारी मात्र 'माल काळा आहे' म्हणून भाव पाडतो. आमच्या घरातसुद्धा संक्रांतीच्या पोळ्यांना पिवळाच गूळ हवा, असा हट्ट होता (सासूबाईंची समजूत घालायला दोन वर्षं गेली).

आता आम्ही जानेवारीत गुऱ्हाळावर जाऊन वर्षाचा गूळ एकदम आणतो, काळपट असला तरी पूर्ण भावाने, घासाघीस न करता. तुमच्या जवळपास गुऱ्हाळ नसेल, तर दुकानदाराकडे मुद्दाम गडद गूळ मागा. चार गिऱ्हाइकांनी मागितला की तो ठेवायला लागतो, हे मी आमच्या गल्लीत पाहिलंय.